मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती आणि विमानात खरे तास किती, हे घरच्या घरी कसं काढायचं

आई पहिल्यांदाच एकटी ताईकडे न्यू जर्सीला निघाली होती. तिकीट हातात घेऊन बघते तर रात्री १:३० ला मुंबईहून सुटणार आणि त्याच तारखेला सकाळी ७:३० ला न्यूयॉर्क. "अगं, सहा तासात अमेरिका?" तेव्हा तिला जसं समजावलं तसंच इथे लिहितेय, कारण पहिल्यांदा जाणाऱ्या आईबाबांचा इथे गोंधळ होतोच.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका, तो सपाट असतो आणि पृथ्वी गोल. मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या आणि शिवणाचा दोरा. आमच्या गोलावर विषुववृत्ताभोवती दोरा ६२ सेंटिमीटर लागला, म्हणजे साधारण ४०,००० किमी. मग मुंबईवर बोट ठेवून दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला तर साडेएकोणीस सेंटिमीटर भरला, हिशोब केला की साडेबारा हजार किमीच्या आसपास येतं, आणि खरं अंतरही तेवढंच आहे. दोरा कुठून जातो ते नक्की बघा, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडावरून खाली. आई तर बघतच राहिली, तिला वाटत होतं आफ्रिकेवरून सरळ समुद्र ओलांडून जायचं.

आता तास. मोठं विमान ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं, पण चढणं उतरणं धरून अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास वाढवा. मुंबई-न्यूयॉर्क सव्वापंधरा तास येतात, मुंबई-लंडन ७,२०० किमीला नऊ. हा फक्त अंदाज हं. जाताना जास्त लागतो कारण वर दहा-बारा किमीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना तो समोरून येतो आणि परत येताना पाठीवर असतो. शिवाय विमान दरवेळी दोऱ्याच्या रेषेवरून जातंच असं नाही, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा वळसा घालून जावं लागलं आणि वेळ वाढला.

तिकिटावरून खरे तास काढायला एकच करायचं, दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणायच्या. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा (मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे). आईचा प्रवास जूनमधला, म्हणून सकाळी ७:३० अधिक साडेनऊ तास म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५, त्यातून रात्रीचे १:३० वजा करा, साडेपंधरा तास! परतीला उलटा भास होतो, तिकडून दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, वाटतं पूर्ण २४ तास, पण निघाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ९:३० होते म्हणजे साडेचौदाच.

मध्ये विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्पा असाच वेगळा काढा आणि मधलं थांबणं त्यात मिळवा.

हे आधी करून ठेवा कारण औषधं. आईच्या बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारलं, त्यांनी किती तासांनी घ्यायची ते सांगितलं, म्हणून तिने मनगटावरचं घड्याळ ताईच्या घरी पोचेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवलं.