कोरड्या पठारावर देशी रानफुले, झुडपे आणि गवते कशी लावावीत

देशी झाड कुठेही तगते, असा एक पक्का समज आहे. तो खरा नाही. कासच्या पठारावरची सोनकी आणि घाटमाथ्यावरची कारवी महाराष्ट्रातलीच, पण त्या भागात वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणदेश, सोलापूर, बीडकडच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात तो जेमतेम ४५० ते ७५० मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत आणि मध्ये मोठे खंड घेऊन. या पट्ट्यातल्या बागेसाठी झाडे निवडायची ती याच पट्ट्यातल्या माळावरची, बांधावरची आणि ओढ्याकाठची.

आधी जमीन बघा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरा. पाणी जिरले की पुन्हा भरा आणि वेळ मोजा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दोन-चार तासांत जिरले तर मुरमाड जमिनीतली जवळपास सगळी झाडे चालतील. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर ती भारी काळी माती आहे. तिथे उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात आणि भाद्रपदात मुळांशी पाणी साचून ती कुजतात. अशा जागी खणून खोल जाऊ नका. मुरूम आणि तिथलीच माती निम्मी-निम्मी मिसळून ८ ते १० इंच उंच वरंबे करा आणि त्यांवर लावा. मातीत पांढरे चुनखडीचे खडे असतील तरी बिघडत नाही, इथली बरीच झाडे ती सोसतात.

शेणखत घालू नका, हे ऐकायला चुकीचे वाटते. पण भरखत मिळाले की तरवड आणि रानफुले मऊ, लांबट फांद्या काढतात, फुले कमी धरतात आणि पहिल्या वादळी पावसात आडवी होतात. शिवाय खताचा खरा फायदा तणाला होतो. झुडपाच्या खड्ड्यात निघालेली माती तशीच परत भरा. फारच निकस, नुसता मुरूम असेल तर दोन ओंजळी जुने, पूर्ण कुजलेले कंपोस्ट पुरे.

झुडपांत पहिले नाव तरवडाचे. पिवळीधमक फुले, शेळीही सहसा तोंड लावत नाही, आणि पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या याच्या पाल्यावर वाढतात. पाने कुरतडलेली दिसली तर फवारू नका, महिनाभरात झाड पुन्हा भरते. तरवडाचे बी टणक असते, तसेच पेरले तर बरेचसे पडून राहील. उकळलेले पाणी चुलीवरून उतरवा, पाच मिनिटे थांबा, त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जे बी फुगून मोठे झाले, ज्याची चकाकी गेली, तेच पेरा. जे तसेच कडक आणि तकतकीत राहिले त्यांना पुन्हा हेच करा. पिशवीत अर्धा इंच खोल पेरा. दोन झाडांत ४ फुटांचे अंतर ठेवा.

निरगुडीला बियांची गरजच नाही. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे ८ इंचांचे तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, लगेच खाली तिरका घ्या आणि दोन डोळे मातीत जातील असे खोचा. ती १० फूट आणि त्याहूनही उंच जाऊ शकते, म्हणून मागच्या बाजूला आणि एकच पुरे. वज्रदंतीही पावसाळ्यात फांदीवरून लागते. पावसाळा संपता संपता तिची पिवळी फुले येतात, पण पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे असतात, म्हणून पायवाटेपासून ती दोन फूट लांब हवी. कुंपणाला करवंद लावायचे असेल तर पिकलेल्या फळातले बी धुऊन त्याच आठवड्यात पेरा, कारण ठेवलेले बी लवकर मरते. रुई लावण्याचा हट्ट धरावा असे आमचे मत आहे. नारिंगी पंख आणि काळी-पांढरी टोके असलेल्या फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर पोसतात. फक्त छाटताना डोळे सांभाळा. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

गवताकडे फार लोक लक्ष देत नाहीत, आणि तिथेच बाग फसते. गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात आणि त्याच्या ठोंबांमध्ये रानफुलांना आडोसा मिळतो. हलक्या, मुरमाड जमिनीवर पवना आणि डोंगरी. काळ्या मातीवर मारवेल. पवना ठोंबानेच राहतो, मारवेल पसरतो, तेव्हा मारवेलाला कडेने दगडाची रांग द्या. कुसळी गवत दिसायला सुंदर, पण त्याचे कुसळ ओलाव्याने उलगडते आणि वाळले की पिळते. बी जमिनीत स्वतःला भोक पाडून घुसते ते या पिळानेच, आणि कपड्यांत, कुत्र्याच्या कातडीत घुसते तेही असेच. जिथे मुले-जनावरे फिरतात तिथे कुसळी नको.

गवताच्या बियांची अडचण अशी की ताजे बी नीट उगवत नाही. हिवाळ्यात जमवलेले बी कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवून पुढच्या जूनला, किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी वापरा. छोट्या बागेला ठोंब फोडून लावणे सोपे: जुन्या ठोंबाचे मूळ असलेले चार-पाच काड्यांचे भाग करा, पाने ६ इंचांवर कापा आणि दीड फुटावर लावा. बी टाकायचेच तर चाळलेल्या मातीत कालवून नुसते वरवर पसरा आणि पायाने दाबा. अर्धा इंचापेक्षा खोल गेलेले बी बहुधा वर येत नाही.

रानफुलांत तुंबा, विष्णुकांत, रानतीळ आणि पिवळी तिळवण मिळून चांगली जमतात. बी बारीक असते, म्हणून एक वाटी बियांना दहा वाट्या कोरडी वाळू मिसळा, म्हणजे हाताला अंदाज येतो आणि कुठे पडले तेही दिसते. विष्णुकांत जागीच पेरा, त्याचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही. कळलावी वेगळी आहे. तिच्या कंदाच्या टोकाला असलेला कोंब मोडला तर कंद फुटत नाही, म्हणून कंद दोन्ही हातांनी उचला. पहिल्या पावसाच्या आधी तो आडवा, ३-४ इंच खोल लावा. हिवाळ्यात वेल वाळली की पाणी पूर्ण बंद, नाहीतर कंद कुजतो. सगळी वेल, विशेषतः कंद, जहरी आहे. मुले किंवा पाळीव जनावरे असतील तर ती लावूच नका.

१०० चौरस फुटांत मागे ३ तरवड आणि १ निरगुडी, मधे ४ वज्रदंती, पुढे १२ ते १५ गवताचे ठोंब, आणि उरलेल्या जागेत रानफुलांचे बी, एवढे पुरते. बी राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून आणू नका. तिथून झाडे, कंद किंवा बी परवानगीशिवाय काढणे गुन्हा आहे. स्वतःच्या, किंवा परवानगीने दुसऱ्याच्या बांधावरून घ्या आणि प्रत्येक झाडावर निम्म्याहून जास्त बी राहू द्या. रोपवाटिकेतून रोप घेताना ६ ते १२ इंचांचेच घ्या. पिशवी कापून बघा: मूळ तळाशी गोल फिरले असेल तर ते रोप दोन वर्षे हिरवे दिसते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात अचानक मरते, कारण मूळ खाली गेलेलेच नसते.

लावणीची वेळ मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर, एक वीत ओल खाली गेल्यावर. पहिल्या शिडकाव्यावर घाई केली तर बी उगवते आणि पुढच्या खंडात जळते. दसऱ्यानंतर लावलेल्या झुडपाला मूळ पसरायला ओल मिळत नाही, त्याला पुढे उन्हाळाभर पाणी घालत बसावे लागते.

पाण्याचे गणित असे. पावसाळ्यात खंड दहा दिवसांवर गेला तरच द्या. पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक झुडपाला आठवड्याला ५ लिटर, पहिल्या उन्हाळ्यात पाच दिवसांनी ८ लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी १५ लिटर. तिसऱ्या वर्षापासून बंद. रोज थोडे थोडे पाणी शिंपडले तर मुळे वरच्या दोन इंचांतच राहतात आणि पाणी थांबले की झाड बसते. आळे खोडाला लागून नको, फांद्यांच्या टोकांखाली हवे. आच्छादन झुडपांखाली पाल्यापाचोळ्याचे, २ इंच जाड आणि खोडापासून चार बोटे दूर, नाहीतर वाळवी खोडाला लागते. रानफुलांच्या जागेत पालापाचोळा टाकू नका. तिथे बारीक खडीचा विरळ थर द्या किंवा माती उघडी ठेवा, कारण बी तिथेच पडून पुढच्या वर्षी उगवते आणि जमिनीत घरटी करणाऱ्या माश्यांनाही उघडी माती लागते.

पहिल्या वर्षी सगळ्यात मोठे काम गाजर गवताचे. ओल्या मातीतून, फूल येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. त्याने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते. टणटणी आणि वेडी बाभूळ दिसली की तीही काढा, दोन्ही बाहेरून आलेल्या आहेत आणि एकदा मूळ धरले की खणूनच काढाव्या लागतात.

छाटणी तरवडाची फुलांचा मोठा बहर ओसरल्यावर, वरचा तिसरा हिस्सा. निरगुडी फेब्रुवारीत दोन-तीन फुटांवर आणा. गवत बी झडल्यावर, पण मे संपण्याआधी, ४ ते ६ इंचांवर कापा, आणि एकाच वर्षी सगळे नको: तिसरा भाग उभा ठेवा, त्यात किडे आणि त्यांची अंडी असतात. जाळू मात्र नका. घराला लागून पाच-सहा फुटांचा पट्टा कायम मोकळा ठेवा, उन्हाळ्यात आगीपासून आणि पावसाळ्यात सापांपासून बचावासाठी.