जुना पेलेट स्टोव्ह रंगवायचाय? आधी एवढी तयारी करा

पेलेट स्टोव्ह म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर (पेलेट) चालणारी, खोली गरम करायची विजेच्या पंख्याची शेगडी. ती रंगवायची तर रंगाचा डबा सगळ्यात शेवटी आणा. लोक आधी रंगच आणतात, गंजावरच स्प्रे मारून मोकळे होतात आणि पहिल्याच थंडीत पापुद्रे निघायला लागतात. खरं काम घासण्या-पुसण्यात आहे.

आधी दिवस ठरवा. आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग नीट बसायच्या आत वाळतो, पावसाळ्यात घासलेलं लोखंड रात्रीतून पुन्हा लाल होतं, आणि डिसेंबर-जानेवारीत एकतर कोहरा (धुकं) असतो आणि वर तेव्हा स्टोव्ह चालू हवा असतो, म्हणून दसरा-दिवाळीच्या मधले कोरडे दिवस धरा.

मग प्लग काढा. नुसता स्विच बंद नको, प्लगच काढा. राख पूर्ण गार होऊ द्या, एक अख्खा दिवस जाऊ दे, कारण राखेत विस्तव दडून राहतो आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावलात तर तो आतून पेट घेऊ शकतो. हॉपर (पेलेट भरायची पेटी) रिकामा करा, त्याखाली पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूत अडकलेले पेलेटही काढा, चिमणीचा पाइप झाडून घ्या. ब्लोअर आणि सेन्सरच्या वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

स्टोव्हचं दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडेला बसवलेल्या दोरीकडे नीट लक्ष द्या, ही गोष्ट सगळे विसरतात. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा, सहज निघून आली तर दोरी बदलायलाच हवी. दोरी फायबर ग्लासची मिळते, जुनीची जाडी मोजून त्याच जाडीची घ्या, सोबत उष्णता सहन करणारा सिमेंट घ्या. पण स्टोव्ह फारच जुना असेल आणि दोरी कशाची आहे ते कळत नसेल तर तिच्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ती कोरडी खरवडू नका, तपासून घेईपर्यंत तिला हातच लावू नका.

सामान ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या लोहिया बाजारात बघा: तारेचा ब्रश, ८० आणि १२० नंबरचा सँडपेपर, चांगला मास्क, चष्मा, हातमोजे, अॅसिटोन, धागे न सोडणारं सुती कापड, मास्किंग टेप. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरा (घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखात ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे), म्हणून घासायचं ते अंगणात, ओलं करून, आणि मुलांना लांब ठेवून. ओलं घासल्यावर लगेच कोरडं पुसा. मग अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नका, बोटांच्या तेलावर रंग धरत नाही. काच, बिजागऱ्या, स्टोव्हच्या मॉडेल-नंबरची पट्टी, सेन्सर टेपने झाका. आतलं जळायचं भांडं रंगवायचं नाही.

आता रंग. साधा इनॅमल किंवा साधा प्रायमर अजिबात नको, सिलिकॉनवाला, ६०० डिग्री सेल्सिअसपर्यंतचा हीटप्रूफ स्प्रे घ्या, मॅट काळा सगळ्यात छान दिसतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या, दोन थरांमध्ये किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. जवळपास विस्तव, बिडी, देवासमोरचा दिवा काहीही नको.

पेलेटची पोती जमिनीपासून वर, पाटावर ठेवा, ओल लागली की त्यांचा भुसा होतो. इकडे मोहरीच्या तुडीचे (वाळलेल्या काडाच्या भुशाचे) पेलेट स्वस्त मिळतात पण त्यांची राख जास्त आणि तिचे खडे जमतात, तेव्हा भांडं रोज साफ करायची तयारी असेल तरच ते घ्या.

पहिल्यांदा पेटवायच्या दिवसाची तयारीही आधीच करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून बटण दाबून बघा. खिडक्या उघड्या, पिंजऱ्यातला पोपट शेजारी, आजी-आजोबा दुसऱ्या खोलीत. आधी मंद आंच, मग गार होऊ द्या, मग मध्यम, परत गार, शेवटी फुल. धूर आणि वास येणारच, घाबरू नका. पण रंग पहिल्या तापात मऊ पडतो, म्हणून त्या दिवशी स्टोव्हला कोणी हात लावायचा नाही आणि ओले मोजे वाळत घालायचे नाहीत हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा.