क्रायफ समजून घ्यायचाय? मग आधी बॉलवरून नजर काढा

हॉलंडचा फुटबॉलपटू योहान क्रायफ म्हटलं की बहुतेकांना त्याचा तो एक टर्न (बॉल घेऊन उलटं फिरणं) आठवतो, दहा सेकंदांची क्लिप बघायची, भारी म्हणायचं, पुढे स्क्रोल. पण त्याने खरं काय मागे ठेवलं तर फुटबॉल बघायची एक नजर, आणि ती शिकता येते असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी जाडजूड काही वाचायला लागत नाही. दोन-तीन जुन्या मॅच, थोडा धीर, आणि जमलं तर एक ग्राउंड आणि पाच-सहा पोरं, बास.

सुरुवात त्या टर्नपासूनच करा, फक्त नीट बघा. 19 जून 1974, डॉर्टमुंड, वर्ल्ड कपमध्ये हॉलंड विरुद्ध स्वीडन. क्रायफ डाव्या बाजूला आहे, पाठ स्वीडनच्या गोलकडे, मागे यान ओल्सन चिकटलेला. क्रायफ उजवा पाय असा काढतो की आता बॉल टाकणारच, ओल्सन तिकडे झुकतो, आणि त्याच पायाच्या आतल्या बाजूने क्रायफ बॉल स्वतःच्या डाव्या पायामागून ओढतो आणि उलटा फिरून निघून जातो. आता क्लिप स्लो करा आणि यावेळी बॉल बघू नका, खांदे बघा. शेवटच्या क्षणापर्यंत त्याचं वरचं अंग पास देणाऱ्या माणसाचं असतं, ओल्सन फसतो तो तिथे. मॅच 0-0 सुटली, त्या टर्नमधून गोलबिल काही झाला नाही, तरी पन्नास वर्षं झाली तो अजून जगभरातल्या पोरांना शिकवतात.

मग त्याच वर्ल्ड कपची फायनल काढा, 7 जुलै, म्युनिक, समोर वेस्ट जर्मनी. पूर्ण नाही बघितली तरी चालेल पण पहिली दोन मिनिटं तीन वेळा बघा. क्रायफ ओळखायला सोपा आहे, नंबर 14 आणि बाहीवर दोनच पट्ट्या, बाकी सगळ्यांच्या तीन, कारण टीमचा शर्ट आदिदासचा होता आणि याचा करार प्यूमाशी, त्यामुळे एक पट्टी काढायला लावली पठ्ठ्याने. तर पहिल्यांदा नुसता बॉल बघा. हॉलंड किकऑफ करतं, आरामात इकडून तिकडे पास चालू आहेत, घाई नाही. दुसऱ्यांदा फक्त 14 नंबर बघा. तो फॉरवर्ड आहे ना, मग तो आपल्याच हाफमध्ये, जवळजवळ सगळ्यांच्या मागे काय करतोय? इथे पॉज करा. त्याला मार्क करायला ठेवलेला बेर्टी फोग्ट्स आता कात्रीत सापडलाय, मागे जावं तर डिफेन्स उघडा पडतो, नाही जावं तर क्रायफ समोर तोंड करून मोकळा. पुढच्या काही सेकंदांत क्रायफ वेग पकडतो, फोग्ट्सला मागे टाकतो, बॉक्समध्ये उली हॉनेस त्याला पाडतो, पेनल्टी, नेस्केन्सचा गोल. जर्मनीकडून बॉलला पहिला हात लागला तो गोलकीपर झेप मायरचा, जाळ्यातून बॉल बाहेर काढताना. तिसऱ्यांदा बघताना बाकीचे डच खेळाडू बघा, क्रायफ मागे आला तेव्हा पुढची मोकळी झालेली जागा कोण भरतंय ते शोधा. टोटल फुटबॉल म्हणतात ते हेच. अॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबमध्ये कोच रिनुस मिखेल्सने ते बसवलं, पण मैदानावर उभं राहून हातवारे करत प्रत्येकाला इकडे हो तिकडे हो सांगणारा क्रायफच होता.

ती फायनल हॉलंड 2-1 हरलं. मला वाटतं हेही पूर्ण बघावं, कारण एक गोल झाल्यावर ते गोलासाठी खेळायचं सोडून बॉल फिरवत बसले आणि जर्मनीने ब्राइटनर आणि म्युलरच्या गोलांनी हाफटाइमच्या आतच हिशोब चुकता केला.

आता त्याच्या स्वभावाकडे या, कारण बरेच जण इथे गल्लत करतात, खेळ वेगळा आणि हट्ट वेगळा असं धरतात. मला ते एकच वाटतं. कुठे उभं राहायचं हे ज्याला दिसतं तो दुसऱ्याने आखलेल्या रेषेवर उभा राहत नाही, मग ते मैदान असो की क्लबचं ऑफिस. 1974 मध्ये डच टीमला नंबर आडनावाच्या अक्षरांप्रमाणे दिले होते, याने आपला 14 ठेवला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको अजून सत्तेत होता तेव्हा बार्सिलोनात खेळत असताना मुलाचं नाव योर्दी ठेवलं, पक्कं कॅटलान म्हणजे बार्सिलोनाकडच्या भाषेतलं नाव, तेव्हा तिथे न चालणारं, नोंद आधी अॅमस्टरडॅमला केली आणि बदलायला साफ नकार दिला. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा म्हणजे 1983 चा. आयाक्सने, ज्यांच्याकडे तो लहानपणापासून वाढला, ज्यांना त्याने सलग तीन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकून दिले त्यांनी, आता वय झालं म्हणून नवीन करार दिला नाही, तर हा सरळ रॉटरडॅमला फाइनोर्डकडे गेला, म्हणजे कट्टर दुश्मनाकडे, आणि त्या एका सीझनमध्ये त्यांना लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले, वय वर्षं 37 होईपर्यंत. मग रिटायर झाला. मोडेन पण वाकणार नाही म्हणतात ना, तसला माणूस.

याची किंमतही त्याने दिली, माणसं तुटली, 1996 ला बार्सिलोनाने कोच म्हणून त्याला काढलं तेव्हाचा शेवट कडवट होता. आणि सिगरेट. 1991 ला हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा सोडली, नंतर तो सिगरेटच्या विरोधातल्या जाहिरातीतही आला, पाकीट बॉलसारखं पायावर खेळवत, पण 2016 मध्ये लंग कॅन्सरनेच गेला, 68 व्या वर्षी. त्याच्याबद्दल लिहिताना हे गाळू नये असं मला वाटतं.

पुढची पायरी म्हणजे कोच क्रायफ. 1988 ते 96 बार्सिलोना, सलग चार लीग, आणि 20 मे 1992 ला वेम्ब्लीवर साम्पदोरियाला हरवून क्लबचा पहिला युरोपियन कप, एक्स्ट्रा टाइममध्ये कूमनची फ्री किक. ही मॅच बघताना दोन माणसं पकडा. एक तो कूमनच, डिफेंडर असून बॉल लांब आणि अचूक टाकायला ठेवलेला. दुसरा एक काडीपैलवान 21 वर्षांचा पोरगा मिडफिल्डमध्ये, पेप ग्वार्डिओला. पळण्यात हळू, अंगात ताकद नाही, दुसऱ्या कोचने दारातूनच परत पाठवला असता, पण त्याच्याकडे बॉल यायच्या आधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे ठरलेलं असायचं. दर वेळी त्याच्याकडे बॉल आला की आधीच्या दोन सेकंदांत त्याचं डोकं किती वेळा वळलं ते बघा. यासोबत त्याच स्पर्धेची 1994 ची अथेन्सची फायनलही बघा, मिलानने याच टीमला 4-0 धुतलं. एवढे लोक पुढे पाठवल्यावर बॉल गेला की मागे काय होतं ते तिथे स्वच्छ दिसतं.

हे सगळं पचलं की 2010 ची वर्ल्ड कप फायनल काढा. हॉलंड विरुद्ध स्पेन. स्पेनच्या पहिल्या अकरात सहा जण बार्सिलोनाच्या अकादमीतून आलेले आणि बॉल त्यांच्याकडे, हॉलंड मात्र लाथा घालतंय. क्रायफने आपल्याच देशाच्या टीमला जाहीरपणे सुनावलं. घरची टीम हरली याच्यापेक्षा ती कशी खेळली याचं त्याला जास्त लागलं.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर कोच सर्जिओ लोबेराच्या काळातल्या, इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाच्या मॅच बघा, 2017 पासूनच्या. बार्सिलोनाच्या ज्युनिअर टीम्सना कोचिंग करून आलेला माणूस, नंतर 2020-21 ला मुंबई सिटीला घेऊन त्याच लीगची शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकला. गोलकीपरकडे बॉल असताना दोन्ही सेंटर बॅक (मधले डिफेंडर) कुठे उघडतात, मिडफिल्डर खाली येतो का, एवढंच दहा मिनिटं बघत राहा, धागा कुठून आलाय ते आपोआप कळेल.

आणि आता ग्राउंड, कारण नुसतं बघून अर्धंच कळतं. क्रायफ सांगायचा की अख्ख्या मॅचमध्ये एका खेळाडूच्या पायात बॉल असतो जेमतेम तीन मिनिटं, मग उरलेल्या वेळात तुम्ही काय करता त्यावर तुम्ही चांगले की नाही ते ठरतं. ते शिकवायला रोंडो नावाचा सराव. आठ-दहा पावलांचा चौकोन आखा, खुणेला प्लॅस्टिकचे कोन नसतील तर चपला ठेवा. लहान पोरं असतील तर बाहेर चार आत एक, मोठी असतील तर बाहेर पाच आत दोन. बाहेरच्यांनी पास द्यायचे, दोनच टच, ज्याचा बॉल कापला तो आत. पावसात चिखल असेल तर चौकोन थोडा मोठा करा, नाहीतर बॉल अडकतो आणि पोरं वैतागतात.

ओरडायचं ते बॉलवर नाही. पास देऊन पोरगं पुतळ्यासारखं उभं राहिलं तर थांबवा आणि दाखवा की आतल्या पोराच्या सावलीत तू उभा आहेस, दोन पावलं बाजूला सरक, बघ रस्ता उघडला. अंग थोडं तिरकं ठेवायला सांगा म्हणजे दोन्हीकडचं दिसतं. जमायला लागलं की तुम्ही चौकोनाच्या बाहेर फिरत राहा आणि बॉल एखाद्याकडे निघाला की हाताची बोटं वर करा, त्याने बॉल घ्यायच्या आधी आकडा ओरडायचा. पहिले काही दिवस नुसता गोंधळ होईल, बॉल पायाखालून जातील, होऊ द्या. सगळ्यात धिप्पाड आणि पळणाऱ्या पोराचीच इथे सगळ्यात जास्त पंचाईत होते आणि कोपऱ्यात गप्प उभं राहणारं किडकिडीत पोरगं एकदम चमकतं, त्याच्यावर लक्ष ठेवा आणि पुढच्या मॅचमध्ये त्याला मिडफिल्डला खेळवा.