पाण्यातल्या बेटावर कातळातनं जाताय? मग या चुका टाळा

होळी झाली की मला मेसेज यायला लागतात, दादा ते पाण्यातलं बेट कुठं आहे, वाट सांगा, लोकेशन टाका. राधानगरीच्या लक्ष्मी तलावातलं बेनझीर व्हिला कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, शाहू महाराजांच्या काळातलं. पण आपल्या पश्चिम भागातल्या बॅकवॉटरला तसली लहान बेटं बरीच आहेत, मूळच्या टेकड्याच त्या, धरण झालं, पाणी चढलं आणि माथा तेवढा वर राहिला. मी लिहितोय ते राधानगरी तालुक्यातलंच एक. नाव देत नाही, कारण ती गावातली गुरं पाण्यावर न्यायची वाट आहे, तिथं गाड्यांची रांग लागलेली मला नको आहे. काठाकाठानं मोठमोठ्या धोंड्यांतनं पाऊण तास, मग दोन पुरुष उंचीचा एक कातळटप्पा, आणि शेवटी उन्हाळ्यात पाण्यातनं वर येणारी दगडांची सोंड, तिच्यावरनं बेटावर. अंतर काही नाही, पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता लिहायलाच बसलो.

गाळातनं शॉर्टकट

ही सगळ्यात वाईट चूक आणि सगळ्यात जास्त होणारी. काठाचे धोंडे चढ-उतार करून पोरं दमतात, आणि खाली बघितलं की पाणी ओसरलेली सपाट जमीन दिसते, वाळलेली, भेगा पडलेली, मैदानासारखी. वाटतं, इथनं सरळ दहा मिनिटांत बेट. ती जमीन नाही, तो गाळ आहे. वरची पापडी चार बोटं जाडीची वाळलेली, आणि खाली महिनोन् महिने पाण्यात भिजलेला चिखल, लोण्यासारखा.

तीन वर्षांमागं एप्रिलमध्ये आम्ही सहाजण होतो, त्यात एक नवीन पोरगा, अंगानं दणकट, तालमीत जाणारा. दोनदा सांगितलं होतं की माझ्या मागनंच यायचं. मी पुढं एका धोंड्यावर वाट बघत थांबलेलो, हा कधी खाली उतरला कळलंच नाही. पन्नास-साठ पावलं मस्त गेला, हात हलवून आम्हालाही बोलावलं, आणि पुढच्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. त्यानं जे सगळे करतात तेच केलं, दुसऱ्या पायावर जोर देऊन पहिला उपटायला गेला. दुसरा मांडीपर्यंत गेला. गाळात पाय रुतला की खाली पोकळी धरते आणि तो गाळ पायाला ओढून धरतो, जेवढी ताकद लावाल तेवढा आत. ताकदीचं पोरगं, म्हणून जास्तच अडकला.

त्याला ओरडून सांगितलं, मागं बस, सरळ पाठीवर रेल, सॅक काढून पाठीखाली घे. अंग पसरलं की वजन वाटलं जातं. मग एकेक पाय जागच्या जागी हळूहळू हलवायचा, बाजूनं पाणी आत शिरतं आणि पकड सुटते. आम्ही दोघं पोटावर पडून, पुढं एकमेकाला जोडलेल्या दोन चादरी टाकत त्याच्यापर्यंत गेलो. पाऊण तास लागला. एक बूट आतच राहिला. बाहेर आला तेव्हा मांडीपर्यंत काळा-करडा चिखल, त्याला शिंपल्यांचे तुकडे चिकटलेले आणि पोटऱ्या नुसत्या थरथरत होत्या. त्या दिवशी बेट राहिलं, त्याला धोंड्यांतनं एका बुटावर परत आणण्यात संध्याकाळ झाली.

माझी सवय सांगतो. गाळाजवळनं जावंच लागलं तर आधी गुरांची खुरं बघतो. खुरं वरच्यावर उमटलीत तर तिथं जमीन धरते, म्हशीचं खूर कोपरभर आत गेलेलं दिसलं की मी मागं फिरतो. आणि काठी कायम हातात, आधी काठी, मग पाय. बाकी धोंड्यांतनंच जायचं. वेळ लागतो? लागू दे. ज्याला पाऊण तास दम धरवत नाही त्यानं रंकाळ्यावर फिरायला जावं, तिथंही छान वारं असतं.

चढायचं बघितलं, उतरायचं नाही

कातळटप्प्यावर सगळे वर बघतात. चढताना होल्ड, म्हणजे हात-पाय ठेवायच्या खाचा, डोळ्यासमोर असतात, उतरताना पाय आंधळा असतो. मी टप्प्याखाली दोन मिनिटं उभा राहतो आणि उतरताना पाय कुठं कुठं येईल ते मनात धरतो, ते जमलं नाही तर चढत नाही. उतरताना तोंड कातळाकडं. दोन हात दोन पाय यांतलं एकावेळी एकच हलवायचं, तीन जागी पकड राहिलीच पाहिजे. आणि गुडघा टेकू नका! गुडघा टेकला की तळवा सुटतो आणि माणूस तिथंच अडकतो.

दुसरं म्हणजे धरणाचं पाणी पावसाळ्यात जिथवर चढतं तिथवरच्या दगडावर गाळाचा पातळ लेप वाळलेला असतो. हात फिरवला की तळव्याला पिठासारखं लागतं. कोरडा असताना काही नाही, पण पाण्यात पाय घालून तोच ओला बूट त्यावर ठेवला की साबण. म्हणून पाण्यात उतरून आलात तर टप्प्याआधी बुटांचे तळवे फडक्यानं पुसा, मी त्यासाठी वेगळा पंचा ठेवतो. लई साधी गोष्ट आहे, पण मी बघितलेल्या बहुतेक घसरण्या परत येताना, ओल्या बुटावर झाल्यात.

बाकीच्या, थोडक्यात

कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान आहे, पण ती घरी ठेवा. ॲक्शन कंपनीचे स्वस्तातले ट्रेकिंग बूट कातळाला धरतात.

सोंड पाण्याखाली असेल तर पोहून जायचं नाही. बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि काटेरी झुडपं पाण्याखाली तशीच असतात, वरून दिसत नाहीत.

आग्या मोहोळ दिसलं की आवाज बंद, सिगारेट बंद, अत्तर तर लावून यायचंच नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. बेटावरचं एकटं झाड म्हणजे विजेला आमंत्रण. मी पहाटे निघतो आणि बाराच्या आत मागं फिरतो, बेट पन्नास पावलांवर असलं तरी.

जूनमध्ये पाऊस लागला की विषय संपला. राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ घरी बसून बघा.

अंधार पडायच्या आत काठ सोडा, गवे पाण्यावर येतात. आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. म्हणून मी गावात गुरं राखणाऱ्या एका मामांना सांगून जातो, इतके जण आहोत, बारापर्यंत येतो म्हणून. आणि परत आलो की त्यांना दिसल्याशिवाय गाडीला किल्ली लावत नाही. एकदा एक ग्रुप न सांगताच परस्पर निघून गेला, आणि मामा बॅटरी घेऊन रात्री आठपर्यंत त्या धोंड्यांत हाका मारत फिरत होते.