युरिया टाकण्याआधी खाचरातले पाणी बघा

भाताला युरियातून दिलेल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) बहुतेक शेतांत ३० ते ४० टक्केच पिकाला लागते. उरलेल्यातले बरेचसे हवेत उडते किंवा पाण्याबरोबर जाते, आणि याला खताच्या मात्रेपेक्षा टाकण्याची वेळ जास्त जबाबदार असते.

साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियाचे दोन-चार दिवसांत अमोनियम होते. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, पीएच) ९ च्या वर चढतो आणि अमोनियमचा अमोनिया होऊन वायूरूपाने निघून जातो. लावणीनंतर पहिले काही आठवडे पाणी उघडे असते, वाराही लागतो. तेव्हा हे नुकसान सर्वाधिक.

म्हणून वरखत (उभ्या पिकाला द्यायचे खत) देण्याआधी तण काढा, नाहीतर पहिला घास तेच घेते. पाणी काढून खाचर नुसते चिखलाचे ठेवा. पानांवरचे दव सुकू द्या. ओल्या पानाला दाणे चिकटून पान करपते. युरिया टाकून कोळपे फिरवा आणि दुसऱ्या दिवशी ३ ते ५ सेंमी पाणी बांधा. बांधातली खेकड्यांची बिळे आधीच बुजवा. जोराचा पाऊस दिसत असेल तर दोन दिवस थांबलेले बरे. जमिनीला भेगाही पडू देऊ नका: कोरड्या मातीत अमोनियमचे नायट्रेट होते आणि पुन्हा पाणी भरले की तेच नायट्रोजन वायू होऊन जाते.

हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे तर २१७ किलो युरिया लागतो: लावणीला ८७, फुटव्यांच्या वेळी ८७, लोंबी धरताना ४३. ही शेवटची वेळ दिवस मोजून ठरवू नका. मुख्य फुटवा उभा चिरा. बुडाशी १-२ मिमीचा पांढरा, केसाळ कोंब दिसला की हप्ता द्या.

युरियाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या मोठ्या गोळ्या) वापरत असाल तर चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये २.७ ग्रॅमची एक, ७ ते १० सेंमी खोल खोचा आणि भोक चिखलाने बंद करा. भराभर पाणी झिरपणाऱ्या रेताड जमिनीत मात्र हा खटाटोप नको.

पीक पिवळे दिसले म्हणून लगेच युरियाची गोणी उघडू नका. जुन्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके असतील तर कमतरता बहुधा जस्ताची आहे.