लायब्ररीचं घरून चालणारं लॉगिन सुट्टीआधी हातात घ्या

यंदा विद्यापीठात ॲडमिशन झालेल्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांचं घर लांब आहे आणि सुट्टीत गावी बसून डिझर्टेशन लिहायचं ठरवलंय त्यांच्यासाठी. लायब्ररी कार्ड कसं काढायचं, पुस्तक किती दिवस ठेवता येतं, हे तुम्हाला कळेलच. मला सांगायचंय ते कॅम्पसबाहेरून जर्नल वाचायच्या लॉगिनबद्दल. त्यात माझे दोन महिने गेले आणि अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

मी एम.ए. अर्थशास्त्र केलं, विषय कोरडवाहू शेतीतलं कर्ज. दिवाळीआधी महिनाभर लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून पेपर शोधले, जे कामाचे वाटले त्यांच्या लिंका स्वतःलाच व्हॉट्सॲप केल्या, चाळीसेक असतील. पीडीएफ उतरवून घेतल्या नाहीत, म्हटलं लिंक आहे की, घरी निवांत वाचू. घरी गेले, रात्री जेवणं उरकल्यावर पहिली लिंक उघडली तर नुसता गोषवारा आणि खाली डॉलरमधली किंमत. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. मला वाटलं विद्यापीठाचं सबस्क्रिप्शनच संपलं. सुट्टी संपवून परत आले तर सगळं व्यवस्थित उघडतंय! पुढच्या शनिवारी घरी, पुन्हा बंद.

आता हे नीट समजून घ्या, कारण कोणी सांगत नाही. कॅम्पसवर तुम्ही पासवर्ड न टाकता पेपर वाचता, ते तुम्हाला कोणी ओळखतं म्हणून नव्हे. प्रकाशकाच्या साइटला फक्त एवढंच दिसतं की हा कॉम्प्युटर विद्यापीठाच्या नेटवर आहे, म्हणजे आयपी ॲड्रेस विद्यापीठाचा आहे, म्हणून ती दार उघडते. तुमच्या मोबाइलच्या डेटाचा आयपी वेगळा असतो. अगदी लायब्ररीच्या पायरीवर बसून स्वतःचा डेटा वापरलात तरी तो पेपर उघडणार नाही, आणि वायफायला जोडलंत की लगेच उघडेल. म्हणजे लिंक बरोबर असते, सबस्क्रिप्शन चालू असतं, फक्त तुम्ही विद्यापीठाचे आहात हे घरून सिद्ध करावं लागतं. त्यासाठी लायब्ररी वेगळं लॉगिन देते. बऱ्याच ठिकाणी ते इन्फेडमधून चालतं, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या लॉगिन सेवेतून, काही ठिकाणी दुसरी सोय असते, तुमच्याकडे कुठली ते लायब्ररीतच विचारा.

इथेच मी दुसऱ्यांदा फसले. प्रकाशकाच्या साइटवर वर कोपऱ्यात ‘रजिस्टर’ दिसलं, मी नाव-ईमेल टाकून खातं उघडलं आणि तरी पेपर उघडेना. ते खातं तुमचं खासगी, त्याचा विद्यापीठाशी काही संबंध नसतो. तुम्हाला संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय शोधायचाय, बहुतेक वेळा तो बारीक अक्षरात असतो. तिथे इन्फेड निवडायचं, मग यादीतून आपलं विद्यापीठ, मग लायब्ररीने दिलेला आयडी-पासवर्ड. मी चिडून एक पेपर बहिणीच्या कार्डवरून विकतही घेतला. जो लायब्ररीने आधीच आपल्यासाठी घेऊन ठेवला होता.

शेवटी रीडिंग रूममधल्या काकांनी विचारलं, ‘ताई, घरचा आयडी नाही का घेतला?’ त्यांनी मला ग्रंथपाल मॅडमकडे नेलं. मॅडमनी यादी उघडली, माझ्या नावापुढे आयडी होता, सप्टेंबरातच मेल गेलेला. कुठल्या पत्त्यावर? ज्या नेट कॅफेत मी ॲडमिशनचा फॉर्म भरला त्या कॅफेच्या. तेव्हा माझा ईमेल नव्हता, कॅफेवाल्या दादाने स्वतःचा टाकून दिला, त्याचं काही चुकलं नाही, तो सगळ्यांनाच तशी मदत करायचा. पण वर्षभराची सगळी मेल तिकडे जात होती. मॅडमनी पत्ता बदलला, पाच मिनिटांत पासवर्ड आला. मी तिथेच रडले, खोटं नाही सांगत.

म्हणून आजच फॉर्मची प्रिंट काढून बघा ईमेल कोणाचा आहे. मोबाइल नंबरही.

कॉलेजवाल्यांसाठी एक फरक. तुमच्याकडे बहुधा एन-लिस्ट असेल, म्हणजे कॉलेजांसाठीची इन्फ्लिबनेटची ऑनलाइन वाचनाची सोय, सहा हजारांवर जर्नल्स आणि लाखभराहून जास्त ई-बुक्स. तिथे प्रत्येकाला स्वतःचा आयडी लागतो, तो कॉलेजच्या लायब्ररीतूनच मिळतो, कॅम्पसवर असलात तरी. १२ ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, बऱ्याच लायब्रऱ्यांत प्रदर्शन किंवा ओरिएंटेशन असतं. मी ते बुडवलं होतं, तुम्ही बुडवू नका. सरकारी संस्थांमध्ये असाल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेबद्दलही विचारा, ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास जर्नल्स आहेत त्यात.

माझं स्पष्ट मत, या बाबतीत सिनियरला विचारू नका. मला सिनियरने टेलिग्रामचा ग्रुप दिला, त्यातल्या पीडीएफ अर्धवट, कुठलं वर्ष, कुठला अंक, काही कळेना, संदर्भ द्यायला बसले तर पान क्रमांकच नाहीत. गाइडनाही हे माहीत असेलच असं नाही, माझे सर फार चांगले, पण ते कायम विभागातूनच वाचत आलेले. काउंटरवरच्या माणसाला विचारा, दोनदा विचारा, कोणी हसत नाही.

आणि लॉगिन मिळेपर्यंत घाबरू नका, हातात बरंच काही असतं. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या साइटवर प्रबंध प्रकरणवार उघडतात, लॉगिन लागत नाही. मी तिथे माझ्या विषयाजवळचा एक प्रबंध काढून आधी त्याची संदर्भसूची वाचली, दोन तासांत महिन्याभराच्या शोधाइतकं मिळालं. छापील पुस्तकांसाठी ओपॅक, म्हणजे लायब्ररीची ऑनलाइन सूची, घरून बघता येत असेल तर बघून ठेवा, पण मराठी पुस्तकं कुठे देवनागरीत तर कुठे रोमनमध्ये नोंदलेली असतात, ‘शेती’ टाकून काही आलं नाही तर लेखकाच्या आडनावाने शोधा. एक पुस्तक मिळालं की त्याचा वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक, टिपून घ्या, माझं सगळं ३३८.१ च्या कपाटात होतं, शेजारची पुस्तकं ओपॅकमध्ये कधीच दिसली नसती.

आणखी एक, पास झाल्यावर हा आयडी बंद होतो. नो ड्यूजवर, म्हणजे काही देणं बाकी नाही या फॉर्मवर, सही घ्यायच्या आधीच्या आठवड्यात पेनड्राइव्ह घेऊन बसा आणि लागतील ते पेपर नावं नीट देऊन उतरवून घ्या.