ग्वाल्हेरच्या थंडीत सायकलसाठी बुटांवरची कव्हरं कशी निवडावीत

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर ग्वाल्हेरला पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. हवा ५ अंश असली आणि सायकल ताशी २५ किलोमीटरने चालली, तर उघड्या कातडीला ती थंडी जवळपास शून्य अंशाची लागते. तिघरा धरणाकडच्या उघड्या रस्त्यावर हे लगेच जाणवतं. हात निदान हँडलवर इकडेतिकडे होतात. पायाची बोटं मात्र वाऱ्याच्या तोंडावर, बुटात जवळजवळ हलत नसलेली, आणि सायकलच्या बुटाला जाळी असते ती उन्हाळ्यासाठी. म्हणून कव्हरचं पहिलं काम वारा अडवणं, दुसरं ऊब धरणं. पाणी अडवणं हे इथे तिसऱ्या नंबरावर. मावठा पडला तर पडला. थंड, ओल्या देशांसाठी बनलेली जाडजूड जलरोधक कव्हरं केवळ महाग आहेत म्हणून उचलू नका.

खरेदीआधी बूट तपासा. मोजे घालून, पट्टे लावून बोटं वरखाली हलवून पाहा. हलत नसतील तर कोणतंही कव्हर उपयोगाचं नाही, कारण आवळलेल्या पायात रक्तच नीट फिरत नाही. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले की पाय उलट जास्त गार पडतात. एकच जोड घाला, पातळ लोकरीचा किंवा मेरिनोचा, म्हणजे मऊ, बारीक लोकरीचा. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि अर्ध्या तासाने तोच ओलावा गारठवतो. बुटाच्या तळाला हवेसाठी भोकं असतील तर आतून, मूळ तळपट्टीच्या खाली, चिकटपट्टी लावून ती बंद करा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आता कापड. पारा १० ते १५ अंशांच्या आसपास असेल तर फक्त चवड्यावर चढणारी अर्धी टोपी पुरते. ती खिशात मावते, आणि दहा-साडेदहाला ऊन तापलं की जरा थांबून, बूट न काढता ओढून काढता येते. ५ ते १० अंशांसाठी बाहेरून वारा अडवणारं आणि आतून लव असलेलं पूर्ण कव्हर घ्या. ग्वाल्हेरच्या बहुतेक सकाळी हेच सर्वांत कामाचं, कारण त्यातून घाम थोडाफार बाहेर पडतो. दाट धुक्यात बूट वरून ओले होतात. तिथे ३ मिलिमीटरचं निओप्रीन चांगलं. हा बारीक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला रबरासारखा पदार्थ भिजला तरी ऊब धरतो. पण तो घाम बाहेर सोडत नाही. उरवाई दरवाजाने किल्ला चढताना पाय आत ओले होतात आणि उतारावर तेच गारठतात. म्हणून रोज चढाचा सराव असेल त्याने निओप्रीन टाळावं. पातळ, चकचकीत पावसाळी कव्हरात ऊब नसते. दुकानदार काहीही सांगो.

मापासाठी स्वतःचा बूट दुकानात घेऊन जा. कव्हरवरचे आकडे बहुधा रस्त्याच्या सायकलच्या अरुंद बुटांसाठी असतात. डोंगरी सायकलचा बूट रुंद आणि खरबरीत तळाचा, त्याला साधारण एक माप मोठं लागतं. बूट घालून कव्हर चढवा आणि तीन ठिकाणी बघा: चवड्यावर सुरकुती नको, टाचेपाशी पोकळी नको, झिप लावताना ओढाताण नको. सैल कव्हर फडफडतं, क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, घासतं आणि आत वारा घेतं. घट्ट कव्हर बोटं दाबतं आणि झिप उसवतं. वरचा काठ घोट्याच्या चार बोटं वर यायला हवा, म्हणजे पायजम्याचा काठ त्यावर बसतो आणि फट राहत नाही. झिप मागे किंवा बाहेरच्या बाजूला असावी; आतली बाजू क्रँकला घासते. धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला वरखाली हलणारी टाच चटकन दिसते, म्हणून टाचेवर चमकती पट्टी असलेलंच घ्या.

तळ नीट पाहा. क्लीट म्हणजे पेडलमध्ये अडकणारा बुटाखालचा तुकडा; तो असलेल्या बुटाला पुढे क्लीटसाठी आणि मागे टाचेसाठी भोक लागतं. दोन स्क्रूची क्लीट असेल तर भोक मोठं हवं, नाहीतर कापड क्लीट आणि पेडलमध्ये अडकतं आणि पाय ऐन वेळी सुटत नाही. हे धोक्याचं आहे, घरासमोर दहादा अडकवून-सोडवून पाहा. कापायची वेळ आली तर एका वेळी दोन मिलिमीटरच कापा आणि काठ शिवून घ्या, नाहीतर तिथूनच फाटत जातं. साधे बूट आणि सपाट पेडल असतील तर तळाला मधून उघडं असलेलं कव्हर घसरतं. त्यापेक्षा जाळी नसलेला बंद बूट घ्या.

घालायची पद्धतही शिकून घ्या. आधी कव्हर पायात सरकवून पोटरीवर चढवा, मग बूट घाला, मग कव्हर खाली ओढून चवड्यावर बसवा. झिपच्या दोन्ही कडा एका हाताने जवळ धरा आणि मगच झिप ओढा. बहुतेक झिपा या एका घाईने जातात.

परतल्यावर बोटं बधिर असतील तर शेगडीवर धरू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. कोरडे मोजे घालून हळूहळू ऊब येऊ द्या. लाल, खाजरी सूज वारंवार येत असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा.

धुताना झिप लावून, कव्हर उलटं करून, गार पाण्यात थोडा साबण घालून हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात निओप्रीन कडक होऊन भेगाळतं. चहाच्या टपरीवर थांबलात तर कमीत कमी चाला, कारण कव्हर सर्वांत आधी टाचेखाली आणि चवड्याखाली झिजतं.